स्फोटक ज्वालामुखी उद्रेकाचे संगणकीय मॉडेल : सुरुवात कुठून करावी?

वाघोडियारोड (प्रश्न)

नमस्कार. मी बडोद्यात उपयोजित गणिताच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि प्रकल्पासाठी स्फोटक ज्वालामुखी उद्रेकाचे सिम्युलेशन हा विषय घ्यावा, असे मनात आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये इथिओपियातील हायली गुब्बी ज्वालामुखीच्या राखेचा ढग तांबडा समुद्र आणि अरबी द्वीपकल्प ओलांडून गुजरात-राजस्थानवरून दिल्लीकडे गेला, विमानांची उड्डाणे रद्द झाली, तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळतो आहे. द्रवगतिकीची समीकरणे आणि ती संगणकावर सोडवण्याच्या पद्धती मला ठाऊक आहेत. भूशास्त्र मात्र शाळेनंतर कधी शिकलेलो नाही.

माझी अडचण अशी की, जे शोधनिबंध वाचतो त्यांत प्रत्येकाची सुरुवात वेगळ्या ठिकाणी होते. कोणी जमिनीखालच्या शिलारसाच्या कोठीपासून निघतो, कोणी ज्वालामुखीच्या मुखापासून, तर कोणी थेट हवेत तरंगणाऱ्या राखेपासून. मार्गदर्शकांचे म्हणणे असे की, आधी नेमके काय सोडवणार ते एका वाक्यात सांगा. माझा स्वतःचा ओढा त्रिमितीय सिम्युलेशनकडे आहे, पण हाताशी सोळा गिगाबाइट स्मृतीचा साधा लॅपटॉप आहे. शिवाय परीक्षकांनी विचारले की उत्तर बरोबर आले हे कशावरून, तर काय सांगावे, हेही कळत नाही. या विषयात काम केलेल्या किंवा तो शिकवलेल्या मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

जाळी-आणि-खण

पोटापाण्यासाठी मी औद्योगिक नळ्यांतील वायू आणि भुकटी यांच्या प्रवाहाची गणिते करतो; ज्वालामुखी हा माझा छंदाचा विषय आहे. त्यामुळे भूशास्त्रावर बोलणार नाही, गणितावर बोलतो.

तुम्हाला सुरुवाती वेगवेगळ्या दिसतात याचे कारण असे की, उद्रेक ही एकच घटना असली तरी तिच्यात समीकरणांची किमान तीन वेगळी राज्ये आहेत. खाली नलिकेत, म्हणजे कोठीपासून मुखापर्यंतच्या वाटेत, बुडबुडे असलेला घट्ट द्रव वर सरकत असतो. एका खोलीवर त्याचा चुरा होतो आणि तिथून वर तप्त वायूत तरंगणारे कण असा प्रवाह सुरू होतो, ज्याचा वेग मुखापाशी बहुधा त्या मिश्रणातील ध्वनिवेगाइतका होऊन तिथेच अडतो. मुखाबाहेर वातावरणात राख आणि वायू यांचा स्तंभ उभा राहतो, आणि अखेरीस वारा राख वाहून नेतो. नलिकेची रुंदी दहा-वीस मीटरची, ढगाची व्याप्ती हजार किलोमीटरची. एकाच जाळीत, म्हणजे जागेचे लहान खण पाडून केलेल्या एकाच मांडणीत, हे सगळे बसवणे मोठ्या संस्थांनाही जड जाते. म्हणून एक राज्य निवडा. मी तुमच्या जागी असतो तर मुखाबाहेरचा स्तंभ घेतला असता, आणि तोही एकमितीय.

एकमितीय म्हटल्यावर नाक मुरडू नका. १९५६ मध्ये मॉर्टन, टेलर आणि टर्नर यांनी मांडलेल्या कल्पनेवर हे मॉडेल उभे आहे : वर चढणारा स्तंभ आपल्या वेगाच्या ठरावीक प्रमाणात, साधारण दहाव्या हिश्श्याच्या वेगाने, बाजूची हवा आत ओढतो. वस्तुमान, संवेग आणि ऊर्जा यांची तीन साधी अवकल समीकरणे उंचीच्या दिशेने सोडवायची, इतकेच. लॅपटॉपवर उत्तर क्षणात मिळते, आणि म्हणूनच आदानांचे (मॉडेलला पुरवायचे) आकडे बदलून हजारो वेळा ते चालवता येते. या विषयात खरी मजा त्यातच आहे.

एक हिशेब हाताने करून पाहा. संगणकाचा कार्यक्रम लिहिण्याआधी तो केलेला बरा. मुखाशी मिश्रणाचे तापमान ९०० अंश सेल्सिअस आणि त्यात वजनाने ५ टक्के पाण्याची वाफ धरा. वातावरणाच्या दाबाला या तापमानाची वाफ घनमीटरला सुमारे ०.१९ किलो भरते. एक किलो मिश्रणातील ५० ग्रॅम वाफ अशा रीतीने सुमारे ०.२७ घनमीटर जागा व्यापते आणि उरलेल्या ९५० ग्रॅम राखेची जागा तिच्यापुढे नगण्य ठरते. म्हणजे घनता झाली घनमीटरला सुमारे ३.७ किलो, अर्थात भोवतालच्या हवेच्या तिप्पट. एवढे जड मिश्रण तरंगत वर जाण्याचा प्रश्नच येत नाही. ते केवळ मुखातून मिळालेल्या वेगावर चढते. वेग सेकंदाला २०० मीटर असला तर नुसत्या त्या जोरावर ते सुमारे २ किलोमीटरपर्यंत जाईल. तेवढ्या अंतरात त्याने पुरेशी हवा ओढून ती तापवली, तर त्याची घनता भोवतालापेक्षा कमी होते आणि पुढचा प्रवास ते तरंगत करते. नाही ओढली, तर सगळे खाली कोसळते. ‘पुरेशी’ म्हणजे किती, तेही काढता येते : विशिष्ट उष्णता सर्वांची सारखी मानली, तर एका किलोला साधारण एक तृतीयांश किलो हवा. इतक्या थोड्या हवेने पारडे फिरते, हे मला आजही नवलाचे वाटते.

आता त्रिमितीबद्दल. चाळीस किलोमीटर लांब, रुंद आणि उंच असा भाग घेऊन १०० मीटरचे खण केले तर ६ कोटी ४० लाख खण होतात. प्रत्येक खणात दहा राशी ठेवल्या तर त्यांची एकच प्रत पाच गिगाबाइटच्या वर जाते, आणि एवढे करूनही १०० मीटर व्यासाचे मुख एकाच खणात मावते. मुखाच्या रुंदीत दहा खण हवे असतील आणि जाळी सगळीकडे सारखीच ठेवली, तर खणांची संख्या हजारपट होते. ध्वनिवेगाच्या बंधनामुळे कालाची पायरी सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढी ठेवावी लागेल ते वेगळेच. जाळी मुखाजवळ बारीक आणि दूर ढोबळ ठेवून मार्ग निघतो, पण तुमच्या लॅपटॉपवर नव्हे. आंतरजालावरच्या रंगीत चित्रफिती पाहून भुलायला होते. त्यांच्यामागे शेकडो प्रोसेसर असतात, एवढे लक्षात असू द्या.

सूरसागर

वरील उत्तर उत्तम आहे, पण एका मुद्द्यावर मतभेद नोंदवते. मी भूशास्त्र शिकवत असे. आता निवृत्त आहे.

मुखापासून सुरुवात केली की तापमान, वाफेचे प्रमाण, वेग आणि मुखाची त्रिज्या हे चारही आकडे आपल्या मर्जीने निवडता येतात, अशी समजूत होते. निसर्गात ते एकमेकांना बांधलेले असतात, आणि ती गाठ नलिकेत पडते. उद्रेक स्फोटक होणार की लाव्हा शांतपणे वाहणार, हेही तिथेच ठरते. म्हणून ‘स्फोटक’ हा शब्द प्रकल्पाच्या नावात ठेवायचा असेल तर नलिकेचे गणित निदान समजून तरी घ्यावे.

शिलारसात पाणी विरघळलेले असते आणि ते किती विरघळेल हे साधारणपणे दाबाच्या वर्गमुळावर अवलंबून असते. दीडशे मेगापास्कल दाबाला, म्हणजे सुमारे सहा किलोमीटर खोलीवर, रायोलाइटच्या, म्हणजे सिलिकाने समृद्ध अशा घट्ट, शिलारसात वजनाने ५ टक्के पाणी मावते. वर येताना दाब घटतो, पाणी बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते, आणि पाणी गेले की उरलेला द्रव लाखो पटींनी घट्ट होतो. आमटी उकळताना बुडबुडे मुकाट फुटतात, पण पुरण आटत आले की तेच बुडबुडे हातावर चटके देतात; पातळ बेसाल्ट आणि घट्ट रायोलाइट यांच्यात फरक आहे तो याच जातीचा. बुडबुड्यांनी सुमारे तीन चतुर्थांश आकारमान व्यापले की चुरा होतो, असा जुना निकष आहे. दुसरा निकष अधिक भौतिक आहे : द्रव इतक्या वेगाने ताणला गेला की त्याला वाहायला सवडच मिळत नाही, तर तो काचेसारखा तडकतो. विष्यंदिता (द्रवाचा घट्टपणा) दहाचा आठवा घात पास्कल-सेकंद असेल तर ताणाचा दर सेकंदाला १ च्या आसपास गेला की ही अवस्था येते. दोन्ही निकष आळीपाळीने घालून चुऱ्याची खोली किती बदलते ते पाहिले, तरी एका पदव्युत्तर प्रकल्पाला पुरेसे काम होईल. गणिताच्या दृष्टीनेही तो रंजक आहे, कारण कोठीतून निघतानाचा वेग अंदाजाने धरून मुखाशी माख संख्या (वेग भागिले ध्वनिवेग) नेमकी १ येईपर्यंत पुन्हा पुन्हा सोडवावे लागते आणि चुऱ्याच्या थोडे खाली दाब इतक्या झपाट्याने पडतो की साधी पद्धत तिथे कोलमडते.

तुम्ही बडोद्याचे आहात म्हणून सांगते, एकदा पावागडला केवळ दर्शनासाठी नव्हे तर खडक पाहण्यासाठी जा. आपला सारा परिसर दख्खनच्या सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, आणि ती बहुतांशी बेसाल्टची, म्हणजे पातळपणे वाहणारी. पावागडाचा पायथा आणि मधला भाग तसाच आहे, परंतु माथ्याकडे फिकट रंगाचा, सिलिकाने समृद्ध असा रायोलाइट आहे. मात्र रायोलाइट दिसला म्हणून तिथे स्फोट झालाच असेल, असे अनुमान लगेच काढू नका. चिलीतील चैतेन ज्वालामुखीने २००८ मध्ये आधी राखेचा प्रचंड स्तंभ उडवला आणि नंतर त्याच रायोलाइटचा घुमट शांतपणे बाहेर ढकलला. चिलीतीलच कोर्दोन काउये येथे २०११ मध्ये स्फोट आणि लाव्हा ही दोन्ही एकाच वेळी चालू होती. नलिकेच्या भिंतींतून आणि भेगांतून वायूला निसटायला वाट मिळाली की तोच शिलारस निमूटपणे वाहतो. तुमच्या मॉडेलात वायूगळतीचे पद नसेल, तर ते प्रत्येक रायोलाइटचा स्फोटच करील.

वाघोडियारोड

दोघांचेही मनःपूर्वक आभार. एकमितीय स्तंभाचा कार्यक्रम लिहून चालवला. त्यात एक गोष्ट दिसते ती चूक आहे की भौतिकी, हे कळेना. वाफ, तापमान आणि वेग तेच ठेवून मुखाची त्रिज्या वाढवत नेली तर सुरुवातीला स्तंभाची उंची वाढते, पण एका मर्यादेनंतर स्तंभ काही किलोमीटरवरच थांबतो आणि कार्यक्रम बंद पडतो. जास्त माल बाहेर पडूनही स्तंभ बुटका का व्हावा? आणि मॅडम, वायूगळतीचे पद कोणत्या रूपात घालावे?

जाळी-आणि-खण

ही भौतिकी आहे आणि तुमचा कार्यक्रम ठीक चालतो आहे. बाहेर पडणारे वस्तुमान मुखाच्या क्षेत्रफळानुसार, म्हणजे त्रिज्येच्या वर्गानुसार वाढते. हवा मात्र परिघावरून आत येते, आणि परिघ त्रिज्येच्या प्रमाणातच वाढतो. रुंद मुखाच्या स्तंभाचा गाभा हवेला पारखा राहतो आणि वेग संपेपर्यंत तो जडच असतो. मग तो कोसळतो आणि डोंगराच्या उतारांवरून राख, दगड आणि वायू यांचे तप्त लोट धावतात. ज्वालामुखीच्या परिसरातील माणसांना सर्वात मोठा धोका याच लोटांचा असतो, त्यामुळे ‘कार्यक्रम बंद पडतो’ त्या जागेचा नकाशाच तुमचा निष्कर्ष ठरू शकतो : आडव्या अक्षावर त्रिज्या, उभ्या अक्षावर वेग, आणि वाफेच्या प्रत्येक प्रमाणासाठी स्तंभ टिकण्याची आणि कोसळण्याची सीमारेषा.

त्या रेषेपलीकडे मात्र एकमितीय मॉडेलकडून काही अपेक्षा ठेवू नये. प्रत्यक्षात स्तंभाचा काही भाग कोसळतो, काही तरंगतो, आणि खाली आलेल्या लोटांतूनही बारीक राख पुन्हा वर उचलली जाते. तिथे त्रिमितीय, अनेक प्रावस्थांची मॉडेले लागतात, ज्यांत वायू आणि निरनिराळ्या आकारांचे कण यांना स्वतंत्र वेग आणि स्वतंत्र तापमान असते. इटलीतील पिसा येथे विकसित झालेले पीडॅक हे त्या घराण्यातले. अमेरिकेतील सेंट हेलेन्स ज्वालामुखीच्या १९८० च्या आडव्या स्फोटाचे सिम्युलेशन त्यावर झालेले आहे. लोट उतारावरून किती दूर जातील एवढेच हवे असेल तर बफेलो विद्यापीठाचे टायटन-टू-डी मोफत मिळते आणि लॅपटॉपवरही चालते. ते प्रवाहाच्या खोलीवर सरासरी घेऊन दाट, दगडगोट्यांचा प्रवाह दाखवते; डोंगरकडे ओलांडून जाणाऱ्या विरळ तप्त ढगासाठी ते वापरू नये.

सूरसागर

वायूगळतीसाठी सच्छिद्र माध्यमातील प्रवाहाचा डार्सीचा नियम घ्या आणि पारगम्यता (वायूला आरपार जाऊ देण्याची क्षमता) बुडबुड्यांनी व्यापलेल्या आकारमानाशी जोडा. ठरावीक प्रमाणाखाली बुडबुडे एकमेकांना जोडलेले नसतात, तिथे पारगम्यता शून्य धरा.

परीक्षकांच्या प्रश्नाबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते तोच प्रकल्पाचा कणा आहे. उद्रेकाच्या पोटात कोणी मोजमापक सोडू शकत नाही. ताडून पाहायला जे हाती लागते ते दोन प्रकारचे : रडार आणि उपग्रह यांनी पाहिलेली उंची, आणि नंतर जमिनीवर मिळालेला राखेचा थर. सेंट हेलेन्सच्या १८ मे १९८० च्या उद्रेकात राखेचा थर अंतराबरोबर पातळ होत गेला खरा, पण सुमारे ३०० किलोमीटरवरच्या रिट्झव्हिल गावाच्या आसपास तो पुन्हा जाड झालेला आढळला. एकेका कणाच्या पडण्याच्या वेगाने याचा उलगडा होईना. बारीक कण हवेतच एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके झाले आणि ते लवकर खाली आले, हे गृहीत धरल्यावर हिशेब जुळला. आज राख पसरण्याच्या मॉडेलांत हे पुंजक्यांचे पद असते, ते अशा एका न जुळणाऱ्या थरामुळे.

असा थर पाहण्यासाठी अमेरिकेला जायला नको. सुमात्रातील टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीच्या महाउद्रेकाशी जोडलेली राख आपल्या खालच्या नर्मदा खोऱ्यात, मधुमती नदीच्या गाळात नोंदली गेलेली आहे. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात बुडबुड्यांच्या भिंतींचे वाकडे, धारदार काचतुकडे दिसतात. नलिकेतला तो चुरा म्हणजे काय, हे समीकरणापेक्षा त्यांच्याकडे पाहून लवकर उमगते. देशभर सापडलेल्या अशा थरांची जाडी वापरूनच टोबाच्या राखेच्या प्रसाराची सिम्युलेशने जुळवली गेली आहेत.

हरणीकर

चर्चेत उशिरा येतो आहे, क्षमस्व. हवामान आणि विमानवाहतूक यांच्या सीमेवर काम करतो, म्हणून प्रश्नाच्या पहिल्या परिच्छेदातील ढगाबद्दल लिहितो.

राखेच्या सूचना देणारी जगात नऊ केंद्रे आहेत; हायली गुब्बीच्या वेळी फ्रान्समधील तूलूझच्या केंद्राने सूचना काढल्या होत्या. या केंद्रांना नलिकेचे किंवा कोसळणाऱ्या स्तंभाचे गणित करायला वेळ नसतो. त्यांना दोन गोष्टी हव्या असतात : राख कोणत्या उंचीवर सोडली गेली आणि सेकंदाला किती किलो. उंची उपग्रहावरून कळते. वस्तुमान मात्र उंचीवरून उलटे काढावे लागते, आणि अडचण तिथेच आहे. अनेक उद्रेकांच्या नोंदींवरून बसवलेले प्रसिद्ध सूत्र असे आहे की, किलोमीटरमधील उंची म्हणजे बाहेर पडणाऱ्या घन शिलारसाच्या सेकंदागणिक घनमीटरमधील आकारमानाचा ०.२४१ वा घात, गुणिले दोन. उंची दुप्पट व्हायची तर माल सतरा-अठरा पट लागतो. उलट दिशेने पाहिले तर उंची मोजताना दहा टक्के चूक झाली की वस्तुमानात जवळजवळ पन्नास टक्क्यांची चूक शिरते. त्यातली किती राख मुखाजवळच पडते आणि किती हजार किलोमीटर टिकते, ही अनिश्चितता आणखी निराळी. दूर पोहोचणारा बारीक भाग अनेकदा एकूण मालाच्या काही टक्केच असतो.

२०१० मध्ये आइसलँडच्या एयाफ्यात्लायोकुत्ल ज्वालामुखीने युरोपातील सुमारे एक लाख उड्डाणे थांबवली, तोवर नियम सरळ होता : राख दिसली की तिकडे जायचे नाही. त्यानंतर घनमीटरला २ आणि ४ मिलिग्रॅम अशा मर्यादा आखल्या गेल्या, आणि मॉडेलकडून केवळ ‘आहे की नाही’ याऐवजी ‘किती’ हे उत्तर मागितले जाऊ लागले. वस्तुमानाबाबत इतकी अनिश्चितता असताना नकाशावर २ मिलिग्रॅमची बारीक रेघ ओढणे मला व्यक्तिशः धाडसाचे वाटते. म्हणून आता एकाऐवजी अनेक आदाने घेऊन शक्यतांचे नकाशे काढण्याकडे कल आहे. या विद्यार्थ्याचे एकमितीय मॉडेल क्षणात चालते, ही त्याची मोठी बाजू आहे. उंची दिली असता वस्तुमानाचा एकच आकडा न सांगता त्याचा पल्ला सांगा. विमानवाहतुकीला तो थेट उपयोगाचा आहे.

आणखी एक : तुमच्या मॉडेलात वारा नसेल तर तो घाला. जोराच्या वाऱ्यात स्तंभ वाकतो, अधिक हवा ओढतो, आणि तितक्याच मालाला कमी उंची मिळते. लहान उद्रेकांत हा परिणाम दुर्लक्ष करण्यासारखा नसतो.

वाघोडियारोड

मार्गदर्शकांना आता एक वाक्य सांगता येईल : दिलेल्या उंचीवरून मुखातील वस्तुमानाचा पल्ला वाऱ्यासह काढणे, आणि स्तंभ कोसळण्याची सीमा त्याच आलेखावर दाखवणे. ताडून पाहण्यासाठी कोणते उद्रेक घ्यावेत, आणि वाऱ्याची आकडेवारी कुठून मिळेल?

जाळी-आणि-खण

उद्रेक नव्याने शोधू नका. जगभरच्या गटांनी आपापली तेरा मॉडेले, काही एकमितीय आणि काही त्रिमितीय, सारखीच आदाने देऊन शेजारी शेजारी ठेवली होती. तो अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दुबळ्या उद्रेकासाठी जपानच्या शिनमोएदाकेचा जानेवारी २०११ चा आणि जोरदार उद्रेकासाठी फिलिपिन्सच्या पिनातुबोचा १५ जून १९९१ चा नमुना घेतला आहे, आणि दोन्ही वाऱ्यासह व वाऱ्याविना सोडवलेले आहेत. आदाने छापलेली आहेत, उत्तरेही आहेत. तुमचे आलेख त्यांच्यावर टाकून पाहा. न जुळल्यास आधी वातावरणाचा तापमान-छेद, म्हणजे उंचीनुसार तापमान, तपासा, कारण तपांबराच्या (वातावरणाच्या सर्वांत खालच्या थराच्या) वरच्या सीमेची उंची चुकीची घेतली की सगळेच बिघडते.

हरणीकर

वाऱ्यासाठी युरोपीय मध्यम-मुदत हवामान केंद्राची ईआरए-पाच ही पुनर्विश्लेषित, म्हणजे जुनी निरीक्षणे मॉडेलात घालून पुन्हा काढलेली, आकडेवारी खुली आहे. नोंदणी केली की दाबपातळीनुसार वारा, तापमान आणि आर्द्रता तासागणिक उतरवून घेता येतात. हायली गुब्बीसाठी इथिओपियातील अफार प्रदेशाचा छेद घ्या, गुजरातचा नको; स्तंभ तिथे उभा राहिला होता. आर्द्रता वगळू नका, कारण ओढलेल्या हवेतील बाष्प वर निवून त्याचे पाणी किंवा बर्फ होताना ते उष्णता सोडते आणि विषुववृत्ताजवळच्या लहान स्तंभांना त्यामुळे जास्तीची उंची मिळते.